माझं काम लिहायचं होतं



आज तुम्हांला एक खरी गोष्ट सांगणार आहे. या गोष्टीत चूक बाईंची आहे, म्हणजे माझीच. बाई चुकल्या म्हटल्यावर तुम्ही गालातल्या गालात हसणार, हे मला ठाऊक आहे. हसा खुशाल! पण शेवटपर्यंत वाचा, कारण शेवटी तुमच्याकडे माझं एक काम आहे. आणि हा अंक घरात आई-बाबाही वाचत असतील, तर थोडं काम त्यांच्याकडेही आहे.

मी जिल्हा परिषदेच्या एका शाळेत शिक्षिका आहे. डी.एड. होऊन नोकरीला लागले त्याला बारा वर्षं झाली. सहावी-सातवीचं विज्ञान माझ्याकडे असतं. आमची प्रयोगशाळा म्हणजे एक लोखंडी कपाट. त्यात चार-पाच परीक्षानळ्या, दोन चंचुपात्रं, एक स्पिरिटचा दिवा, एक नालचुंबक आणि आरसा तडकलेला एक सूक्ष्मदर्शक. बाकीचं सामान आम्ही घरूनच आणतो.

त्या दिवशी सातवीत विद्युतचुंबकाचा प्रयोग होता. तुमच्यापैकी पुष्कळांनी तो केला असेल. लोखंडी खिळ्यावर तांब्याच्या तारेचे पन्नासेक वेढे शेजारी-शेजारी गुंडाळायचे आणि तारेची दोन टोकं सेलच्या दोन टोकांना लावायची. तारेतून वीज वाहू लागली की खिळा चुंबक होतो आणि टाचण्या उचलतो. तार सोडली की टाचण्या टपाटप खाली! दरवर्षी या तासाला वर्ग कसा खूश असतो, काय सांगू!

वर्गात २१ मुली आणि १९ मुलगे. पाच-पाच जणांचे आठ गट केले होते. प्रत्येक गटात मुलगे-मुली मिसळून. मला त्याचा जरा अभिमानच होता. “आमच्या वर्गात भेदभाव नाही हो!” असं मी शिक्षकांच्या खोलीत ऐकवतही असे.

सात गटांचे खिळे टाचण्या उचलू लागले. आठव्या गटाचा खिळा मात्र ढिम्म. गटातल्या तीन मुलांनी डोकी एकत्र केली. सेल बदलला, खिळा बदलला, टाचण्यासुद्धा बदलल्या. शेवटी मी गेले. मलाही जमेना. तेवढ्यात तास संपल्याची घंटा झाली. “सेल उतरला असेल,” असं म्हणून मी विषय मिटवला.

संध्याकाळी घरी प्रयोगवह्या तपासायला घेतल्या. त्या गटाची वही तिसऱ्या बाकावरच्या एका मुलीनं लिहिली होती. तिचं नाव सांगत नाही, आपण तिला ‘तिसऱ्या बाकावरची’च म्हणू. साहित्य, कृती, निरीक्षण, सगळं मोत्यासारख्या अक्षरात. आकृती तर छापल्यासारखी. मी लाल पेननं नेहमीप्रमाणे ‘अक्षर सुंदर’ लिहिणार, इतक्यात ‘अनुमान’ या मथळ्याखालच्या ओळी वाचल्या. तिनं लिहिलं होतं :

‘आमचा खिळा चुंबक झाला नाही. तारेवर इनॅमल असते. ते टोकांवरून खरवडले नव्हते म्हणून वीज गेली नाही. मी सांगणार होते. पण माझे काम लिहायचे होते.’

माझा पेन तसाच हातात राहिला.

तिचं अनुमान अगदी बरोबर होतं. या तारेवर एक पातळ लेप असतो. वीज एका वेढ्यातून शेजारच्या वेढ्यात शिरू नये म्हणून तो हवाच. पण सेलला लावायच्या टोकांवरून तो घासून काढावा लागतो. सात तारांची टोकं मी आदल्या रात्री सँडपेपरनं घासून आणली होती. एक तार कमी पडली, म्हणून ऐनवेळी रिळातून तोडून दिली. तिची टोकं घासायची राहून गेली. मला ते आठवलं नाही. हिच्या मामाचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान. सुट्टीत ही तिथे बसून हे सगळं बघत आलेली. म्हणजे वर्गात त्या क्षणी खरं कारण माहीत असलेली एकच व्यक्ती होती आणि ती मान खाली घालून ‘साहित्य’ लिहीत होती.

तिला लिहायचं काम कुणी दिलं होतं? मीच. “अगं, तुझं अक्षर छान आहे, तू लिही,” असं म्हणून.

मग मी आठही वह्या पुढ्यात मांडल्या. लिहिणारं कोण? सात गटांत मुली! उरलेल्या एका गटात मुलानं लिहिलं होतं, कारण त्याचा डावा हात प्लास्टरमध्ये होता आणि त्याला तार गुंडाळता येत नव्हती.

त्या रात्री मला माझी सातवी आठवली. आमचे सर फार चांगलं शिकवायचे. एकदा त्यांनी जस्तावर आम्ल टाकून हायड्रोजन तयार करून दाखवला. परीक्षानळीच्या तोंडाशी जळती काडी नेली की ‘फट्’ असा आवाज होतो ना, तो प्रयोग. सर म्हणाले, “मुली मागे व्हा, अंगावर उडेल. तुम्ही आकृती काढा.” मुलगे टेबलाभोवती जमले. आम्हांला त्यांच्या पाठी दिसल्या आणि ‘फट्’ ऐकू आलं. आकृतीला मात्र मला पैकीच्या पैकी गुण मिळाले! मी परीक्षानळी पहिल्यांदा हातात धरली ती डी.एड.ला, पाठ घेताना. हात थरथरत होते. समोरची पाचवीतली मुलं टक लावून बघत होती.

सर वाईट नव्हते. काळजीपोटीच म्हणाले. पण त्या ‘मागे व्हा’मुळे किती वर्षं गेली माझी! आणि आता मी तेच करत होते. ‘मागे व्हा’ म्हणत नव्हते, ‘तुझं अक्षर छान आहे’ म्हणत होते, एवढाच फरक. मागे बसवल्याचं मला निदान कळलं तरी होतं. कौतुक करून बसवलं तर मुलीला कळणार तरी कसं?

दुसऱ्या दिवशी ठरवलं, आधी मोजायचं. विज्ञानात आपण तेच शिकवतो ना? वाटण्यावर जायचं नाही, मोजून बघायचं. एक मुलगा आणि एक मुलगी यांना मागच्या बाकावर बसवलं आणि दोन डबे दिले, एक मुलांचा, एक मुलींचा. मी ‘काय’ विचारलं, म्हणजे व्याख्या, नाव, पाठातलं उत्तर, तर डब्यात चिंचोका टाकायचा. ‘का’ किंवा ‘कसं’ विचारलं, म्हणजे विचार करावा लागेल असं काही, तर खडा टाकायचा. ज्याला प्रश्न विचारला त्याचा डबा. असं आठवडाभर.

शनिवारी डबे टेबलावर पालथे केले. मुलांचे चिंचोके ४१, खडे २६. मुलींचे चिंचोके ३०, खडे ७.

वर्गात मुली जास्त, तरी खडे सात! मी कुणाला काय विचारत होते, ते आठवून पाहिलं. मुलगा चुकला की म्हणायची, “अरे, नीट विचार कर, पुन्हा बघ.” मुलगी चुकली की, “बरं, बस. दुसरं कोण सांगेल?” यात मला दयाळूपणा वाटायचा. तिला सगळ्यांसमोर लाज वाटायला नको! पण चुकल्यावर पुन्हा विचार करायची संधी मुलाला मिळत होती, मुलीला नाही. शिवाय मुलगे हात वर न करता ओरडून उत्तर देत आणि मी ते घेत असे. मुलीनं तसं केलं तर? “हात वर करून बोलावं, बाळा.”

आणखी एक गंमत करून पाहिली. वर्गाला म्हटलं, प्रयोग करणाऱ्या वैज्ञानिकाचं चित्र काढा. बहुतेक चित्रांत चष्मा, पिंजारलेले केस, दाढी किंवा मिशा! बाई सापडली ती मोजक्या चित्रांत. मग लक्षात आलं, मी रोज शिकवताना म्हणते, ‘वैज्ञानिक निरीक्षण करतो’, ‘वैज्ञानिक अनुमान काढतो’. ‘करते’ कधी म्हणतच नाही. आपल्या मराठीत क्रियापदसुद्धा सांगून टाकतं की करणारा तो की ती!

अशी चित्रं पूर्वी मोठ्या प्रमाणावर गोळा केलेली आहेत. डेव्हिड चेंबर्स या अभ्यासकानं १९८३ मध्ये ४,८०७ मुलांच्या चित्रांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतल्या फक्त २८ चित्रांत वैज्ञानिक स्त्री होती आणि ती २८ चित्रंही मुलींनीच काढलेली होती. पुढे परिस्थिती सुधारली. अमेरिकेत १९८५ ते २०१६ या काळात मुलांनी काढलेली चित्रं एकत्र तपासली, तेव्हा शंभरात सरासरी २८ चित्रांत स्त्री वैज्ञानिक निघाली. पण यातली एक बाब मला फार बोचली. अगदी लहान, पाच-सहा वर्षांची मुलं स्त्री-पुरुष जवळजवळ निम्मे-निम्मे काढतात. वय वाढतं तसतसे चित्रातले पुरुष वाढत जातात. मधल्या वर्षांत मुलं कुठे असतात? घरी, टीव्हीसमोर आणि आमच्या वर्गांत.

हे सगळं चालू असताना मी मुलांना कमला सोहोनी यांची गोष्ट सांगितली. तुम्हांलाही माहीत असायला हवी. माहेरच्या त्या भागवत. लेखिका दुर्गा भागवत यांच्या सख्ख्या बहीण. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठातून त्या बी.एस्सी. झाल्या, तेही पहिल्या क्रमांकानं. पुढे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत संशोधन करावं म्हणून अर्ज केला. संस्थेचे संचालक होते नोबेल पारितोषिक मिळवलेले सर सी. व्ही. रामन. त्यांनी प्रवेश नाकारला. कारण एकच, अर्ज मुलीचा होता. कमलाबाई बंगळूरला जाऊन थडकल्या आणि हटल्या नाहीत. शेवटी रामन यांनी प्रवेश दिला, पण अटी घालून. एक वर्ष नियमित विद्यार्थिनी मानणार नाही, काम पसंत पडलं तरच पुढे बघू. वर्षभरात त्यांनी असं काम करून दाखवलं, की पुढे त्या संस्थेत मुलींना प्रवेश मिळू लागला. १९३९ मध्ये त्यांना केंब्रिज विद्यापीठाची पीएच.डी. मिळाली. वनस्पतींच्या पेशींत ‘सायटोक्रोम सी’ हे श्वसनात भाग घेणारं प्रथिन असतं, हे त्यांनी दाखवून दिलं. भारतात परतल्यावर नीरेतल्या पोषक घटकांवर काम केलं आणि मुंबईच्या विज्ञान संस्थेच्या त्या संचालकही झाल्या.

रामन थोर वैज्ञानिक होते, यात शंकाच नाही. पण एवढ्या थोर माणसाचीही इथे चूक झाली, कारण त्यांनी काम बघण्याआधीच अनुमान काढून ठेवलं होतं. गोष्ट संपल्यावर वर्गात कुणीतरी म्हणालं, “बाई, त्यांनी निरीक्षण केलंच नाही!” मी मनात म्हटलं, बाळा, मी तरी कुठे केलं होतं?

आता आमच्या वर्गात काय बदललं ते सांगते. प्रत्येक गटात चार चिठ्ठ्या असतात : हात, डोळे, लेखणी, तोंड. ‘हात’ प्रयोग करतो किंवा करते. ‘डोळे’ निरीक्षण आणि मोजमाप करतात. ‘लेखणी’ लिहिते. ‘तोंड’ वर्गासमोर सांगतं. पाचव्या चिठ्ठीवर ‘शंका’ असं लिहिलं आहे. तिनं सारखं ‘का?’ विचारायचं. प्रत्येक प्रयोगाला चिठ्ठ्या फिरतात. आणि मी प्रश्न विचारल्यावर मनात एक, दोन, तीन मोजते, मगच कुणाचं तरी नाव घेते. हे मी मेरी बड रो या अमेरिकन अभ्यासिकेकडून शिकले. १९७० च्या दशकात त्यांनी विज्ञानाच्या तासांच्या टेप ऐकल्या, तेव्हा लक्षात आलं, की शिक्षक प्रश्न विचारून सरासरी एकच सेकंद थांबतात. तीन सेकंद थांबलं, तर मुलं जास्त सविस्तर बोलतात आणि एरवी गप्प असणारीही बोलू लागतात. करून बघा, वर्गात तीन सेकंद शांत राहणं किती कठीण असतं!

हे सगळं सुरळीत झालं असं समजू नका. पहिले दोन आठवडे नुसता गोंधळ. मुलगे कुरकुरले, “बाई आता मुलींच्याच बाजूनं!” मलाही क्षणभर तसंच वाटलं. पुन्हा डबे ठेवले. मोजलं, तर मुलांचे खडे अजूनही जास्तच! असाच अनुभव डेल स्पेंडर या संशोधिकेनं १९८२ च्या आपल्या पुस्तकात लिहिला आहे. वर्गात बरोबरीनं लक्ष द्यायचं ठरवल्यावर त्यांना वाटलं, मुलींकडे जरा जास्तच लक्ष गेलं. टेप ऐकली तेव्हा कळलं, निम्मंही गेलेलं नव्हतं. मुलांना मी डबे दाखवले. ती बिचारी गप्प झाली. मुलं हिशेबाला पक्की असतात, आकडा पटला की मानतात.

आणि नव्या रीतीचा फायदा फक्त मुलींना झाला असंही नाही. एक मुलगा स्पिरिटचा दिवा पेटवायला घाबरायचा. “मुलगा असून घाबरतोस?” असं त्याला मीच एकदा म्हणाले होते. आज लिहिताना लाज वाटते. त्याला ‘लेखणी’ची चिठ्ठी आली, तेव्हा कळलं की आकृती काढण्यात त्याचा हात धरणारं वर्गात कुणी नाही. इतके दिवस त्याला कुणी वही दिलीच नव्हती! दिवा तो नंतर पेटवायला शिकला, एका मुलीकडून.

एक आई शाळेत आली. “बाई, पोरीला करंट-बिरंट लागला म्हणजे?” काळजी खरी होती. मी कपाटातून सेल काढून त्यांच्या हातात दिला. म्हटलं, हा फक्त दीड व्होल्टचा आहे. यानं झटका बसत नाही. घरातल्या प्लगला मात्र मुलगा असो की मुलगी, कुणीच प्रयोगासाठी हात लावायचा नाही, हे मी वर्गात सर्वांत आधी सांगते. त्यांनी स्वतः खिळ्याला तार गुंडाळली, टाचण्या उचलल्या. जाताना म्हणाल्या, “आमच्या टायमाला कुणी हातात दिलंच नाही असलं काही.”

आणि तिसऱ्या बाकावरची? तिला ‘हात’ची चिठ्ठी आली, तर तिनं ती शेजारणीला देऊन टाकली. “मी लिहिते ना, बाई.” मला वाईट वाटलं, पण जबरदस्ती केली नाही. मधल्या सुट्टीत विचारलं तेव्हा म्हणाली, “वहीत चुकलं तर खोडता येतं, बाई. प्रयोग चुकला तर सगळे बघतात.” मग काही दिवस मधल्या सुट्टीत आम्ही दोघीच कपाट उघडून बसायचो. तार घासायची, गुंडाळायची, चुकायचं, पुन्हा करायचं. माझ्याही चुका तिनं पुष्कळ पाहिल्या.

२०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात चित्रं बदलली, ती आठवतात? आई-बाबा दोघं मिळून भाजी निवडताहेत, बाई डॉक्टर आहेत, असं त्यात दाखवलं होतं. फार चांगलं झालं. पण पुस्तकातलं चित्र बदललं, तरी तासाला खिळा कुणाच्या हातात आहे, ते आम्हांला वर्गातच बघावं लागतं.

आता तुमच्याकडचं काम. एक आठवडा चिंचोके आणि खडे घेऊन बसा. वर्गात प्रयोग कोण करतं आणि लिहितं कोण, ते मोजा. घरात पंख्याचं बटण बिघडलं की दादाला जवळ बोलावतात की ताईला? पाहुणे आले की पाणी कोण आणतं? कुणाशी भांडायचं नाही, फक्त मोजायचं. आई-बाबांनो, तुम्हीही बघा. मुलानं ‘का?’ विचारलं तर काय सांगता आणि मुलीनं विचारलं तर काय सांगता? बाई किंवा सर तुमच्या डब्यांवर रागावले, तर त्यांना माझी ही गोष्ट वाचायला द्या. आणि जे काही निघेल ते अंकाच्या पत्त्यावर मला जरूर कळवा.

जाता जाता एक सांगते. गेल्या महिन्यात तिसऱ्या बाकावरचीनं वर्गात ‘हात’ची चिठ्ठी ठेवून घेतली. त्या दिवशी वहीत ‘अनुमान’ दुसऱ्याच कुणाच्या तरी वेड्यावाकड्या अक्षरात होतं. खाली मात्र एक ओळ तिनं स्वतः लिहिली होती : ‘आज माझे काम हातांचे होते. पहिल्यांदा टाचणी उचलली गेली नाही. दुसऱ्यांदा चार उचलल्या.’

लाल पेननं मी ‘अक्षर सुंदर’ लिहिलं नाही. लिहिलं, ‘दुसऱ्यांदा तू काय बदललंस?’

तिचं उत्तर पुढच्या पानावर आहे. दीड पान भरलं आहे आणि खाडाखोड भरपूर आहे.

तुमच्या बाई